अंबादास सरांची अंघोळ

अंबादास सर अंघोळ करताना पाढे म्हणतात. गुणगुणत नाहीत, चक्क म्हणतात. वर्गात म्हणायचे तसे, खड्या आवाजात, प्रत्येक ओळीनंतर किंचित थांबून. पहिला तांब्या अंगावर पडला की अकरापासून सुरुवात होते. साधी अंघोळ असेल तर एकोणीसपर्यंत, डोक्यावरून असेल तर पंचविसापर्यंत. आणि न्हाणीच्या दाराला आतून कडी लावलेली नसते. कडी आहे, चांगली दणकट आहे, पण सर ती लावत नाहीत. दाराची एक झडप पक्की बसवलेली आहे, दुसरी नुसती लोटलेली असते.

या प्रकारामागे एक पद्धत आहे आणि ती त्यांनी मला आणि माझ्या बायकोला आमच्या ओट्यावर बसवून समजावून सांगितली होती.

"पाढा चालू म्हणजे मी चालू. पाढा मध्येच थांबला तर थोडी वाट बघायची. तोंडात साबण गेला असेल, कुठं अडलो असेन. तरी सुरू झाला नाही तर सरळ आत यायचं. हाक मारत बसायचं नाही, लाजायचं नाही."

"अहो सर, पण तुम्ही आत..." सुजाता पुढचं बोलली नाही.

"तोवर मला कसली लाज राहणार, सूनबाई?" सर म्हणाले, आणि चहा बिनसाखरेचा आहे ना, याची खात्री करून घेतली.

भवानी पेठेतल्या आमच्या बोळात एका अंगणाभोवती तीन घरं आहेत. एक सरांचं, एक माझं, आणि तिसऱ्याला कुलूप आहे. अंगणाच्या कडेला पत्र्याच्या दारांच्या दोन न्हाण्या, आणि त्यांच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांची शेड. आठला माग सुरू झाले की आमच्याकडे माणूस माणसाशी बोलत नाही, ओरडतो. म्हणून सरांची अंघोळ आठच्या आत. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तर सर अंघोळच करत नाहीत. त्या दिवशी सगळ्या बोळात मोटारी, कळश्या आणि भांडणं, त्यात पाढा कुणाला ऐकू जाणार? चार-चार दिवस पाण्याची वाट बघणाऱ्या या गावात, पाणी आल्यावर कोरडा बसून राहणारा हा एकच माणूस असेल.

मी त्यांच्या हाताखाली शिकलोय. महापालिकेच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. सतराच्या पाढ्यावरून त्यांनी माझे कान इतक्यांदा पिळलेत की आजही सतरा म्हटलं की माझा हात आपोआप कानाकडे जातो. आता मी चाळिशी ओलांडलीय, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, पण सरांच्या दृष्टीने मी अजून सतरावरच अडकलोय. "तुझा सतराचा कच्चा आहे बे," हे ते अजून मला माणसांत सांगतात.

घरात सर आणि नागमणीअक्का, दोघंच. मुलगा पुण्याला असतो. अक्कांच्या माहेरी माग, सासरीही माग. परकर-पोलक्यात असल्यापासून मागाच्या कांड्यांवर सूत भरलं, पुढं माग चालवले, आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले, हळूहळू विरत गेले. आता कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडं पोचतं. त्या बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा फार मोठ्यानं, एकाच सुरात. अंगणात बसून काहीबाही निवडत असतात. त्यामुळे पाढा ऐकण्याचं काम आमच्या घराकडे आलं, हे ओघानंच आलं.

हे सगळं सुरू झालं गेल्या उन्हाळ्यात. पुतणीच्या लग्नात, भर दुपारी, मांडवात जेवणाच्या पंगतीत सरांना दरदरून घाम फुटला आणि छाती आवळल्यासारखी झाली. तसा घाम त्या मांडवात सगळ्यांनाच फुटला होता, नवरदेवासकट. पण सर पानावरून उठले आणि आडवेच झाले. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवस काचेच्या खोलीत, अंगाला वायरी. मग डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाला काही झालेलं नाही, बीपी मात्र बरंच वाढलंय. रोज एक गोळी घ्या, मीठ कमी करा, चालत जा, काळजी करू नका. "आत्ता काही नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

सरांनी या सगळ्यातला एकच शब्द घरी आणला.

"आत्ता काही नाही, म्हणाले. ऐकलंस की तू? आत्ता."

तेव्हापासून त्यांना कुणीही विचारलं, "सर, कसं काय, बरं आहे ना?" की उत्तर ठरलेलं. "आत्ता बरं आहे. आत्तापुरतं सांगतो." पेपरवाल्याला हेच, दूधवाल्याला हेच. मुलाचा पुण्याहून फोन आला की त्यालाही हेच. तो बिचारा फोन ठेवताना दर वेळी घाबरून ठेवायचा. शेवटी त्यानं एक घड्याळ पाठवलं, मनगटावर बांधलं की ठोके दाखवणारं. त्या घड्याळाने सरांचे ठोके वाढलेत असं सांगितलं की सर घाबरायचे, सर घाबरले की ठोके आणखी वाढायचे, आणि मग घड्याळ थरथरायला लागायचं. पंधरवड्याच्या आत ते घड्याळ कपाटात गेलं. "त्याच्याच तब्येतीचं काही खरं नाही," असं सरांचं मत पडलं.

बीपीचं मशीन मात्र कपाटात गेलं नाही. ते जेवणाच्या पाटाशेजारी असायचं, झोपताना उशाशी, आणि आमच्याकडे चहाला येताना काखेत. गणिताच्या माणसाला आकड्याची भीती बसली की ती फार वाईट, कारण त्याला आकडा नुसता दिसत नाही, तो त्याचं पुढे काहीतरी करतो. सर पट्टा बांधायचे, डोळे मिटायचे, मशीन घुरघुरायचं. आकडा जास्त आला की म्हणायचे, "हा धरायचा नाही. हा भीतीचा आहे." म्हणून पुन्हा लावायचे. तो त्याहून जास्त. "हा पहिल्या आकड्याच्या भीतीचा." मग तिसरा. मग तिन्हींची सरासरी. सरासरी काढता काढता घाम यायचा, आणि घाम आला म्हणून चौथ्यांदा पट्टा. मी एकदा म्हटलं, "सर, मशीनच लावू नका ना काही दिवस." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू वर्गात एखाद्यानं परीक्षाच नको म्हटलं असावं.

दुसऱ्यांना पट्टा बांधण्याचीही त्यांना हौस. आमच्याकडे आलेला पाहुणा खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच सर दारात. "बाही वर करा." माझ्या साडूला ते एवढ्या गंभीरपणे "वरचा थोडा वरच आहे" म्हणाले, की तो माणूस जेवायचं सोडून डॉक्टर गाठायला निघाला. त्याचं सगळं ठीक निघालं. सर म्हणाले, "आत्ता."

मिठाची तर कथाच वेगळी. शेंगाचटणीवर वाढलेला हा माणूस. कडक भाकरी, वर चटणी, त्यावर तेलाची धार, हे त्यांचं आयुष्यभराचं संध्याकाळचं जेवण. आता आळणी आमटीत भाकरी कुस्करून खायचे. चटणीची बरणी मात्र ताटाशेजारी उघडी ठेवायची. एक घास आळणी, एक वास चटणीचा. त्यांच्याकडे जेवायला गेलेल्यांचे हाल व्हायचे. पण अक्का वाढताना पदराआडून मीठ आणायच्या, पाहुण्याच्या पानात चिमूट टाकायच्या, काही न बोलता. सरांना ते दिसायचं, पण दिसलं नाही असं ते दाखवायचे.

चालायला जायचे ते दवाखान्यांच्या रस्त्याने. तळ्याकाठी सगळं गाव फिरतं, मोकळी हवा आहे, देऊळ आहे; पण तिथं कुठं काही झालं तर? त्यापेक्षा हा रस्ता बरा. दोन्ही बाजूंना दवाखाने, मधे औषधांची दुकानं. "कुठंही पडलो तरी कुणाच्या तरी दारातच पडेन," असा त्यांचा हिशोब. काही दिवस मी त्यांच्याबरोबर गेलो. प्रत्येक पाटीसमोर ते मला आत कोणती सोय आहे ते सांगायचे. लोक बागेतल्या झाडांची नावं सांगतात त्या सुरात. घरी येईपर्यंत माझ्याच छातीत धडधडायला लागायचं, म्हणून मी जाणं बंद केलं.

आणि मयत. कुणाचं काही कळलं की सर आधी जायचे, पण रडायला नाही, चौकशीला. वय किती? गोळी चालू होती का? मधेच सोडली का? आणि शेवटचा प्रश्न नेहमी एकच, तोही आवाज खाली आणून: "आतून कडी होती का हो?" लोक चिडायचे. एका घरातून तर त्यांना हाताला धरून बाहेर आणावं लागलं. मलाही खरं सांगायचं तर त्यांचा राग यायचा. एवढा शिकलेला माणूस, दोन पिढ्यांना गणित शिकवलेला, आणि स्वतःच्या जिवाला इतका धरून बसलेला. शेजारी बायकोला ऐकू येत नाही, तिचे गुडघे गेलेत, तिचं कधी काही विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. सगळा दिवस आपला पट्टा आणि आपला आकडा.

हिवाळ्यात एकदा मागच्या शेडमध्ये मोठी ऑर्डर आली आणि माग साडेसातलाच सुरू झाले. सर आत होते. मी दाढी करत होतो, पाढा चालला होता, आणि एकदम खडखडाट सुरू होऊन सगळं बुडालं. मला वाटलं पाढा थांबला. सुजाता म्हणाली माग आहेत ते. मी म्हटलं पण मधे एकदा आवाज यायला हवा होता. तोंडाला फेस तसाच, मी धावलो आणि दार ढकललं. आत सर साबण लावून उभे, डोळे मिटलेले, बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "बावीस सक एकशे बत्तीस!" त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं, माझ्या तोंडावरचा फेस बघितला. रागावतील असं वाटलं होतं. तर चेहरा उजळला.

"आलास. शाबास. किती वेळ लागला?"

मी दार ओढून घेतलं. दाराच्या पक्क्या झडपेला टेकून अक्का पाटावर बसल्या होत्या, तांदूळ निवडत. माझ्या धावण्यात त्यांचं ताट कलंडलं आणि तांदूळ अंगणभर झाले. त्या मोठ्यानं तेलुगूत म्हणाल्या, "एमैंदी?" काय झालं, म्हणून. मी हातानेच काही नाही म्हणून सांगितलं आणि तांदूळ गोळा करायला बसलो.

त्याच दिवशी संध्याकाळी मी सरांना गाठलं. अक्का आत भाकऱ्या थापत होत्या. मी जरा तिरसटपणेच विचारलं, "सर, मरणाची एवढी भीती? तुम्हाला?"

सरांनी मला शेजारी बसायची खूण केली. मग म्हणाले, "बिराजदार सर आठवतात का तुला? इतिहासाचे."

आठवत होते. दोघं शाळेत एकाच खोलीत डबा खायचे. लग्नातल्या त्या प्रकरणाच्या थोडं आधी बिराजदार सर न्हाणीतच वारले. आतून कडी होती. दार फोडावं लागलं.

"मी भेटायला गेलो की. त्यांच्या बाई कोपऱ्यात बसलेल्या. गेलेल्या माणसाबद्दल एक शब्द नाही. सारखं एकच. मी टीव्ही बघत होते हो. मालिका लागली होती, मी आवाज मोठा केला होता. आत पडल्याचा आवाज आला असेल, त्यांनी हाक मारली असेल, मी आवाज मोठा केला होता. सात-आठ महिने होऊन गेले. परवा रस्त्यात भेटल्या. अजून तेच."

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मरायचं तर काय बे, मरतातच सगळे. पण मी आत पडलो तर हिला ऐकू जाणार नाही. ही चहा करून बसेल. चहा गार होईल, ही परत गरम करेल. परत गार होईल. तोवर मी आत. आणि मग उरलेलं आयुष्य ही म्हणत बसेल, मी चहा गरम करत होते. हिच्या डोक्यावर हे ठेवून मला जायचं नाही. म्हणून म्हटलं, तुम्ही ऐका. तुम्हाला कळलं की तुम्ही धावाल. मग हिच्यावर काही येणार नाही."

राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "अक्कांना सांगितलंय का हे?"

"तिला काय सांगायचं? घाबरेल ती."

त्यानंतर मी पाढा मन लावून ऐकायला लागलो. सकाळी रेडिओ बंद. सुजाताही कुकर पाढा संपल्यावर लावायची. सरांचे पाढे आम्हाला इतके अंगवळणी पडले की रविवारी ते उशिरा उठले तर चुकल्यासारखं वाटायचं.

आणि यंदाच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाढा खरोखर थांबला.

सकाळ नेहमीसारखीच होती. माग अजून सुरू व्हायचे होते. अकरा झाला, बारा झाला, पुढे सरत सरत सतरा आला. "सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक..." आणि काही नाही. मी घरात शर्टाची बटणं लावत होतो. मनातल्या मनात म्हटलं, अडुसष्ट. सर, अडुसष्ट. सर सतरावर कधी अडत नाहीत, अडतो तो मी. सुजातानं माझ्याकडे बघितलं आणि मी धावलो.

दार आधीच उघडलेलं होतं.

सर खाली दगडावर बसले होते, बसले होते म्हणजे बसवलेले होते. अंगावर ओला पंचा. मान एका बाजूला, चेहरा चुन्यासारखा, पण डोळे उघडे. आणि त्यांच्या मागे, नऊवारीसकट पाण्यात बसून, त्यांची पाठ स्वतःच्या छातीशी धरून नागमणीअक्का. त्यांनी सरांचं डोकं सांभाळलं होतं. बाहेर निवडायची डाळ अंगणभर सांडली होती. म्हणजे अक्का माझ्या आधी पोचल्या होत्या. माझ्या बऱ्याच आधी.

"पडू दिलं न्हाय," त्या मला म्हणाल्या. नेहमीच्याच मोठ्या, सपाट आवाजात. "बसवलं. पाणी आण."

डॉक्टरांकडे नेलं. हृदयाला काही झालेलं नव्हतं, या वेळीही नाही. सकाळी उठल्या उठल्या आकडा जास्त आला म्हणून सरांनी गोळी घेतली, थोड्या वेळाने पुन्हा जास्त आला म्हणून आणखी एक घेतली. बीपी धाडकन खाली आलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मनानं गोळी वाढवायची नाही, असं डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं. मशीन दिवसातून एकदाच, तेही दुसऱ्या कुणी तरी लावायचं. सर मान डोलावत होते. एखाद्या पोरासारखे बसले होते, मांडीवर हात ठेवून.

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो. सरांना खाटेवर टेकवलं होतं. मला राहवेना. मी अक्कांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "अक्का, तुम्हाला कळलं कसं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, यात काय विचारायचं, अशा नजरेनं. मग उठल्या, गुडघे धरत न्हाणीशी गेल्या आणि पत्र्याच्या दारावर तळवा टेकवला.

"हितं कळतं की. हे बोलत्यात तवर पत्रा हालतो. बारीक. पाठ लावली का पाठीला कळतं." आणि थोडं थांबून, "मागावर बी तसंच. आवाज कुणाला आईकू येतोय तितं? लाकडाला हात ठेवायचा. माग थांबला का हाताला कळतं."

"रोज बसता इथं?"

"दवाखान्यातून आल्यापास्नं."

सर खाटेवर उठून बसले. "ही उन्हाला बसते," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "सकाळच्या उन्हाला. मला तसंच वाटलं." मग त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि कानात ओरडून विचारलं, "मी आत काय म्हणतो, ते माहीत आहे का तुला?"

अक्का म्हणाल्या, "देवाचंच म्हणत असनार की. दवाखान्यातनं आल्यापास्नं तुमाला देव आटवाय लागला. मी पोराला बी सांगितलंय फोनवर, वडील आता स्तोत्र म्हणत्यात रोज. लई बरं वाटलं त्याला."

सुजाता हसली, मीही हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी अक्कांचा हात धरला होता आणि तळवा उलटा करून बघत होते, गृहपाठाची पाटी बघावी तसा. एवढे महिने त्यांना वाटत होतं की आपण तिच्यापासून काहीतरी लपवतोय. आणि ती रोज सकाळी दाराला पाठ लावून, मान खाली घालून, तांदूळ आणि डाळ निवडत त्यांची भीती स्वतःच्या पाठीवर घेत होती. कसली भीती ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मशीन आमच्या घरी असतं. संध्याकाळी मी एकदा पट्टा बांधतो, आकडा सांगत नाही, ठीक आहे एवढंच सांगतो. सर विश्वास ठेवत नाहीत, पण विचारतही नाहीत. पाढे चालूच आहेत. चटणीचा वास घेणंही चालू आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती त्यांच्या घरातच राहते, आता दोघं मिळून तिला सांभाळतात.

फक्त एक नवीन झालंय. सरांची अंघोळ आटपली की अक्का आत जातात. त्याही आता कडी लावत नाहीत. आणि बाहेर त्यांच्या पाटावर सर बसतात, दाराला पाठ लावून. अक्का काही म्हणत नाहीत, पत्रा हलत नाही, म्हणून सरांनी त्यांना शिकवलंय: दर थोड्या वेळानं तांब्या बादलीवर वाजवायचा.

परवा मी कामाला निघालो होतो. सर तिथंच बसले होते. मी गाडी बाहेर काढता काढता सहज म्हटलं, "बरं झालं सर. आता दोघांची सोय झाली."

"कसली सोय?" ते म्हणाले. चिडले नव्हते. "दोघं आहोत तोवर ठीक आहे. एक आत, एक बाहेर. पण शेवटी एक जण आत असणार आणि बाहेर हा पाट रिकामा असणार. तो मी असलो तर पाढे म्हणेन. ती असली तर?"

"मी आहे की सर."

"आहेस. पण तू धावतोस. तुला इथं बसता येणार नाही रोज." मग माझ्याकडे बघून जरासं हसले. "आणि तुझा सतराचा कच्चा आहे."

मला तिथून हलवेना. आत पाण्याचा आवाज थांबला होता. तांब्या वाजत नव्हता. सरांनी मान वळवली, तळवा पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मी गाडीची किल्ली हातात धरून उभा होतो. पलीकडे शेडमध्ये कुणीतरी दार उघडत होतं, माग सुरू व्हायला आले होते.

आतून बादलीवर तांब्या वाजला. ठण्ण.

सरांनी श्वास सोडला. हात तसाच ठेवला.

"आहे," ते म्हणाले. मला नाही, दाराला. आणि मग, अगदी हळू, "आत्तापुरतं."